सुंदराबाईंच्या ध्वनिमुद्रिका

'एकच प्याला' या नाटकातील सिंधूची पदे ज्याच्या कानांवरून कधीच गेली नाहीत असा जुन्या वळणाचा मराठी गृहस्थ मिळणे कठीण. ही पदे कोणाची, असे विचारावे तर बहुतेक जण बालगंधर्वांचे नाव घेतात. काही गडकऱ्यांचे घेतात. मंडळींत कोणी जाणता असलाच तर तो सांगतो की, नाटक गडकऱ्यांचे असले तरी ही पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचिली. येथे संभाषण बहुधा थांबते. त्या पदांना चाली कोणी दिल्या, हा प्रश्न सहसा कोणास सुचत नाही. त्या चाली पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांजकडून आल्या. हे नाव उच्चारल्यावर समोरच्याच्या मुद्रेवर ओळखीची खूण उमटत नाही, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

अशी नावे आपल्याकडे पुष्कळ गळाली आहेत, आणि गळालेल्या प्रत्येक नावासाठी हळहळत बसावे तर दुसरे काही काम होणार नाही. परंतु सुंदराबाईंची गोष्ट थोडी निराळी आहे. ज्या गवयांची केवळ कीर्ती उरली व आवाज वाऱ्यावर गेला, त्यांजविषयी आपण ऐकीव गोष्टींवर विसंबून लिहितो. भाऊराव कोल्हटकर 1901 साली वारले. त्यांच्या गळ्याची वर्णने आपण आजही चवीने वाचतो, पण तो गळा ऐकण्यास काही साधन नाही. सुंदराबाईंच्या वाट्यास नेमके याच्या उलट आले. त्यांचा आवाज लाखेच्या तबकड्यांवर शाबूत आहे, कीर्ती मात्र राहिली नाही. त्या तबकड्या नाट्यसंगीताच्या इतिहासाची पुरवणी म्हणून ऐकू नयेत. मराठी भाषेत गायिल्या गेलेल्या भावगर्भ गाण्याचा तो एक स्वतंत्र आणि पहिल्या प्रतीचा ठेवा आहे, असे आमचे मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

सुंदराबाईंचा जन्म 1885 सालचा, पुण्याचा. 1955 साली त्या निवर्तल्या. ठुमरी, दादरा, कजरी, होरी, गझल, भजन आणि मराठी लावणी हा त्यांचा प्रांत. ख्यालगायकांच्या रांगेत त्यांना बसविण्याचा खटाटोप करण्याचे कारण नाही. त्यांचे मोठेपण त्या रांगेच्या बाहेरचे आहे. गंगेकाठच्या पूरब अंगाच्या गाण्याचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. त्या काळच्या महाराष्ट्रात ते गाणे ऐकावयास मिळे ते बैठकीत, आणि बैठकीस जाणाऱ्यांची संख्या ती किती असणार?

ते गाणे घरोघर पोहोचले 1919 सालानंतर, आणि ते एका विलक्षण मार्गाने. रामगणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे वारले. त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते 20 फेब्रुवारी 1919 रोजी बडोद्यास, म्हणजे नाटककाराच्या मृत्यूस महिनाही झाला नव्हता. गंधर्व नाटक मंडळीने ते केले. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा. मंडळीपुढे अडचण होती ती संगीताची. 1911 च्या 'मानापमाना'स गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या होत्या. 1916 च्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखल्यांनी दिल्या, आणि त्या पदांत ख्यालाचे भारदस्त वैभव ओतले. पण रुक्मिणी ही राजकन्या होती. सिंधू ही दारुड्या नवऱ्याचा संसार फाटक्या पदरात सावरणारी बाई. तिच्या तोंडी ख्यालाचा डौल शोभला नसता. तिला आर्जव हवे होते, उसासा हवा होता, एकच ओळ तीन तऱ्हांनी विनवून म्हणण्याची मुभा हवी होती. हे सारे ठुमरीपाशी होते, आणि ठुमरी सुंदराबाईंपाशी होती.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे, अशी आमची विनंती आहे. मराठी मध्यमवर्गाने गेल्या शतकात पातिव्रत्याची जी मूर्ती मनोभावे पुजिली ती सिंधूची. तिचे सोंग घेतले एका पुरुषाने. तिच्या दुःखाला सूर दिला बैठकीत गाणाऱ्या एका व्यावसायिक गायिकेने. ज्या घरच्या सुना पाळणा हलविताना ही पदे गुणगुणत, त्या घरांतून अशा गायिकेस हळदीकुंकवाचे बोलावणे जाण्याची सोय नव्हती. तिचा सूर माजघरात गेला, चुलीपाशी बसला. स्वतः ती उंबऱ्याबाहेर राहिली. यात कोणाचा वैयक्तिक दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. बालगंधर्वांनी तर त्या चालींचे सोने केले. पण श्रेयाची वाटणी करणारा हात कोणाचा होता, हे यावरून स्पष्ट दिसते.

खानदेशास या कथेत स्वतःची अशी एक जागा आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी काही काळ जळगावास नातलगांच्या घरी होते आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी तेथे मेहबूबखाँ यांजपाशी घेतले. म्हणून जळगावकर त्यांना आपले मानतात. त्यांच्या नावाचे नाट्यगृह तेथे आहे, त्यांच्या नावाचा संगीत महोत्सवही होतो. हे सर्व योग्यच आहे. केवळ एवढेच मनात येते की, मेहबूबखाँचे नाव त्या निमित्ताने निदान घेतले जाते. सुंदराबाईंचे तेवढेही घेतले जात नाही.

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके ज्यांनी चाळली असतील त्यांना एक बारकावा आठवत असेल. प्रत्येक पदाच्या माथ्यावर बारीक टाइपात राग, ताल आणि 'चाल' अशा खुणा असत. 'चाल' या शब्दापुढे मूळ हिंदी वा कानडी चीजेचे, अथवा आधीच्या कोणा नाटकातील पदाचे, दोनतीन शब्द दिलेले असत, म्हणजे गाणाऱ्यास उमज पडावी. या पद्धतीचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे, कारण तीत लपवाछपवी नाही. उसने घेतलेले उसने म्हणून उघड सांगितले आहे. पण तीत चीजेचे नाव असते, ती चीज ज्या गळ्यातून आली त्या गळ्याचे नसते. दुकानदार मालाचे नाव टिपून ठेवतो, पाठविणाऱ्याचे टिपत नाही, तसाच हा प्रकार. सुंदराबाईंसारख्यांचे नाव वहीत न चढण्याचे एक साधे कारण हे, की वहीत त्या नावाचा रकानाच नव्हता.

आता तबकड्यांकडे वळू. हिंदुस्थानात गाणे तबकडीवर उतरविण्याचा व्यापारी उद्योग सुरू झाला तो नोव्हेंबर 1902 मध्ये, कलकत्त्यास. फ्रेड गैसबर्ग नावाच्या साहेबाने एका हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडिले, आणि त्यापुढे बसून गायिल्या त्या गौहरजान. नामांकित पुरुष गवई यंत्राला बिचकत होते. कोणास आवाज जाईल अशी भीती, कोणास विद्या चोरीस जाईल अशी. बैठकीच्या गायिकांनी मात्र ते धाडस प्रथम केले, आणि त्यांच्याच जिवावर हा धंदा या देशात उभा राहिला. तबकड्या प्रथम जर्मनीत हॅनोव्हर येथे छापून येत. तेथल्या कारागिरांस गाणारी कोण हे कळावे म्हणून गाण्याच्या अखेरीस गायिका आपले नाव स्वतः पुकारी. तबकडीवरचे हे नावही बहुधा गावासकट असे: जोहराबाई आग्रेवाली, जानकीबाई इलाहाबादवाली, तशाच आमच्या पुण्याच्या सुंदराबाई. घराण्याचे आडनाव जिथे द्यावयाचे नाही तिथे गावाचे नाव आडनावासारखे चिकटवावे, ही त्या धंद्याची रीत.

ज्या लाखेच्या या तबकड्या बनत ती लाख बहुतांशी याच देशातील झाडांवरची. ही लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचा लगदा तापवून साच्यात दाबला की झाली तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. 1925 च्या आधी विजेची मदत नव्हती. गाणाराने कर्ण्यात तोंड घालून गावे, सारंगियाने कर्ण्याला खेटून बसावे, तबला जरा दूर ठेवावा, नाही तर त्याचा ठोका गाणे गिळून टाकी. अशा कोंडवाड्यात ज्यांना गाता आले त्यांची तारीफ करावी तेवढी थोडीच. पुढे विजेवर चालणारा ध्वनिग्राहक आला, आणि हलका श्वास व पुटपुटलेला शब्दही तबकडीवर उमटू लागला. ठुमरी गाणाऱ्यांना याचा लाभ सर्वांत अधिक झाला.

खानदेशात ही वस्तू आगगाडीने आली. भुसावळ हे मोठे जंक्शन. मुंबईचा माल, मुंबईची वर्तमानपत्रे आणि मुंबईच्या तऱ्हा तेथे सगळ्यांच्या आधी उतरत. भुसावळहून नागपूरच्या वाटेला लागले की वरणगाव काही मिनिटांवर. आज वरणगाव म्हटले की लोकांना 1964 साली उभारलेला दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. पण त्यापूर्वीही गाव होते, पेठ होती, आणि कापसाला बरा भाव आला त्या वर्षी चावीचा ग्रामोफोन विकत घेणारी घरेही होती. असे घर म्हणजे साऱ्या आळीचे नाटकगृह. चावी देण्याचा मान घरच्या वडील मुलाचा, सुया बदलण्याचा धाकट्याचा. बायका दाराआडून ऐकत. नाटकमंडळीचा मुक्काम जळगावास वा धुळ्यास पडे, तोही वर्षातून एखाद्या वेळी, आणि तेथवर जाणे साऱ्या घरास परवडत नसे. तबकडीला मात्र तिकीट नव्हते आणि सोवळे-ओवळेही नव्हते. ज्या गायिकेस समोर बसवून ऐकणे कुलीन घरास शक्य नव्हते ती लाखेच्या चकतीत बसून दिवाणखान्यात आली. यंत्राने केलेली ही सुधारणा कोणत्याही सुधारकाच्या व्याख्यानाहून मोठी होती, असे आम्ही म्हणू. समोरासमोरची सुधारणा होण्यास आणखी काळ जावा लागला. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे करण्यास आरंभ केला आणि गाणारी बाई सभ्य श्रोत्यांपुढे मानाने बसू शकते, हे दाखवून दिले, तेव्हा ती वाट मोकळी झाली.

वरणगावच्या अशाच एका जुन्या घरी सुंदराबाईंची तबकडी आम्ही प्रथम ऐकली. एका बाजूस लावणी, दुसऱ्या बाजूस हिंदी भजन. आमच्या कानांस बालगंधर्वांची सवय होती. त्यामुळे पहिला आघात झाला तो वेगाचा नव्हे, थेटपणाचा. हार्मोनियमचे चार सूर होतात न होतात तोच बाई शब्दावर येतात. आलापाची प्रस्तावना नाही, गळ्याची तयारी दाखविण्याची घाई नाही. आवाज मोकळा, भरदार, नाकात न गुंतणारा. प्रत्येक अक्षर असे सुटे आणि लख्ख की, खरखरीतूनही एक शब्द हरवत नाही. ज्यांनी जुन्या तबकड्या ऐकल्या आहेत त्यांना हा गुण किती दुर्मिळ आहे हे सांगावयास नको. मोठमोठ्या उस्तादांच्या तबकड्यांत बोल शोधावे लागतात.

मग खरी मौज सुरू होते. लावणीचे धृपद त्या पहिल्यांदा सरळ म्हणतात, जशी एखादी बाई आपल्या माणसाला काही सांगते तसे. दुसऱ्या वेळी त्याच ओळीतील एका शब्दावर किंचित रेंगाळतात, आणि त्या शब्दात आधी नसलेला रुसवा येतो. तिसऱ्या वेळी रेंगाळणे नाही. उलट तो शब्द सहज टाकून देतात, आणि आता त्यात थट्टा आहे. ओळ तीच, चाल तीच, तीन मनःस्थिती. ठुमरीवाले ज्याला बोल बनविणे म्हणतात ते हेच. पण ते हिंदी शब्दांवर करणे वेगळे आणि मराठीवर करणे वेगळे. मराठी शब्द आखूड, जोडाक्षरांनी खडबडीत, ताणले की मोडतात. बाई ते ताणत नाहीत. त्यांच्या भोवती सूर फिरवितात आणि शब्दाला बोलीतल्याप्रमाणे राहू देतात. लावणीची शाहिरी ऐट त्यांनी ठेविली, फडावरचा आरडाओरडा काढून टाकिला आणि पूरबेकडचा लडिवाळपणा तीत असा मिसळला की सांधा दिसत नाही. अखेरीस तबला दुप्पट लयीत धावू लागतो, बाई धृपदावर ठाम उभ्या राहतात, आणि तबकडी संपते. तीन मिनिटांत यापेक्षा अधिक काही सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही.

भजनाच्या बाजूस वेगळाच मासला. तेथे नटवेपणाचा लवलेश नाही. ज्या गळ्याने क्षणापूर्वी डोळा घातला तोच गळा येथे हात जोडतो, आणि दोन्ही ठिकाणी तो खरा वाटतो. आपल्याकडील टीकाकारांस हे पचविणे नेहमी जड गेले आहे. शृंगार गाणारीची भक्ती लटकी, असा एक सोयीचा समज आपण बाळगतो. सुंदराबाईंची तबकडी उलटून लावली की तो टिकत नाही.

यानंतर बालगंधर्वांची सिंधू पुन्हा ऐकावी. तेच आर्जव, तीच एका ओळीची तीन रूपे. पण बालगंधर्व त्या जागेवर मुक्काम करितात. थिएटरात 'वन्स मोअर'च्या गजरात ते एकेक पद किती वाढवीत, याच्या कथा प्रसिद्ध आहेत. कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला साथीला असल्यावर थांबावे तरी कशाला? सुंदराबाई जागा दाखवितात आणि पुढे जातात. कोणते श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. पण जे आपण 'गंधर्व-गायकीतील कारुण्य' म्हणून ओळखतो त्याचे एक मूळ कोठे आहे, हे या दोन तबकड्या लागोपाठ ऐकणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.

सुंदराबाईंचा विचार करिताना आम्हां खानदेशातील माणसांस दुसऱ्या एका बाईची आठवण होणे अपरिहार्य आहे. बहिणाबाई चौधरी 24 ऑगस्ट 1880 रोजी जळगावाजवळील आसोदे येथे जन्मल्या आणि 3 डिसेंबर 1951 रोजी जळगावास वारल्या. म्हणजे दोघी जवळजवळ बरोबरीच्या. एक सुंदराबाईंहून पाच वर्षांनी आधी आली आणि चार वर्षांनी आधी गेली. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरोट ओढता ओढता, शेतात काम करिता करिता त्या ओव्या रचीत व गात. चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या लिहून ठेविल्या, आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल जाणिले, आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून निघाली. 1961 च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांच्या संगीतात त्यांतील गाणी आली; 2018 साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले गेले. ज्या लेवा बोलीत त्यांनी गाणी रचिली ती वरणगावच्या घराघरांतील बोली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना त्या गाण्यांचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नाही.

पण बहिणाबाईंचा आवाज कसा होता? गाणी त्या गात होत्या, लिहीत नव्हत्या. कोणत्या शब्दावर त्या थांबत, घरोट्याच्या फेऱ्याबरोबर सूर कुठे उतरे, हे सारे कायमचे गेले. आज ज्या चाली आपण त्यांच्या म्हणून गुणगुणतो त्या इतरांनी मागाहून बांधलेल्या आहेत, आणि चांगल्याही आहेत. एका बाईचे शब्द उरले आणि सूर गेला. दुसरीचे सूर उरले, ते इतरांच्या नावावर, आणि तिचा गळा तबकडीत पडून राहिला. पहिलीच्या बाबतीत आपण जे करता येण्याजोगे होते ते बरेचसे केले. दुसरीच्या बाबतीत तर काहीच कठीण नव्हते. नुसते ऐकावयाचे होते. शब्दाला कागद मिळाला की मराठी माणूस त्याचा आदर करितो. सुराला कागद नसतो, म्हणून त्याची मालकी आपल्याला कळत नाही, असे काहीसे यामागे असावे.

हा प्रकार आपल्याच देशात घडला असे समजू नये. त्याच सुमारास अमेरिकेत काळ्या गायिकांनी असेच तीन-तीन मिनिटांचे दुःख तबकड्यांवर गाऊन ठेविले. ऑगस्ट 1920 मध्ये मेमी स्मिथ यांनी 'क्रेझी ब्लूज' गायिले आणि तबकडीचा धंदा करणाऱ्यांचे डोळे उघडले. 1923 पासून बेसी स्मिथ गाऊ लागल्या. 'ब्लूज' या गाण्यात आणि आपल्या ठुमरीत रागदारीचे साम्य शोधू नये, ते नाही. साम्य आहे ते ओळ वळवून वळवून म्हणण्यात, आणि मनाचे दुखणे लाजेविना उघडे करण्यात. त्या मुलुखात पुढे ज्याला 'सोल' म्हणजे आत्म्याचे गाणे म्हणू लागले त्याच्या आज्या-पणज्या या. बेसी स्मिथ 1937 साली अपघातात वारल्या, आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो 1970 साली जॅनिस जॉप्लिन आणि हुआनिता ग्रीन या दोघींनी स्वखर्चाने बसविला. त्याच वेळी त्यांच्या साऱ्या जुन्या तबकड्यांतील गाणी दीर्घ तबकड्यांच्या संचांत पुन्हा प्रसिद्ध होऊ लागली, आणि नव्या पिढीने त्या विकत घेऊन ऐकिल्या. असा मान आमच्या जुन्या गायिकांच्या वाट्यास क्वचितच आला. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली 'व्हॉयेजर' यानांतील सोनेरी तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेर गेली, याचा आम्हांस अभिमान आहे. पण ते यान पाठविणारेही अमेरिकनच होते.

सुंदराबाई विस्मृतीत का गेल्या, याची आणखीही कारणे आहेत. ठुमरी-लावणी गाणाऱ्यास आपल्याकडे घराणे नसते. घराणे नाही म्हणजे वंशावळ सांगणारे शिष्य नाहीत, पुण्यतिथी नाही, समारोह नाही. नटाची छायाचित्रे राहतात, नाटकाची पुस्तके राहतात, शाळेत उतारे लागतात. तबकडी मात्र पडली की फुटते. साठ-सत्तर साली चावीची यंत्रे अडगळीत गेली तेव्हा 78 फेऱ्यांच्या तबकड्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढल्या; कित्येक घरांत त्यांच्यावर गरम भांडी ठेवीत. विशेष हे की, सुंदराबाईंची मुद्रा अनेकांना ठाऊक आहे आणि नाव ठाऊक नाही. प्रभातच्या 'माणूस' (1939) या चित्रपटात शाहू मोडकांच्या आईची भूमिका त्यांनीच केली. शांता हुबळीकरांची मैना सर्वांच्या स्मरणात आहे. त्या सोज्ज्वळ म्हातारीने वीस वर्षांपूर्वी सिंधूला सूर दिला होता, हे चित्रपट पाहणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल? शांतारामबापूंनी कुलीन घरच्या मातेसाठी त्यांनाच निवडावे, हा योगायोग आम्हांस तरी मोठा अर्थपूर्ण वाटतो.

1990 साली मुंबईत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली. तिच्या मंडळींनी गावोगावच्या बाजारांतून या तबकड्या हुडकल्या, त्यांच्या याद्या केल्या, त्यांवर लेख लिहिले. आज सुंदराबाईंची काही गाणी घरबसल्या, हातातल्या दूरध्वनीवरही ऐकू येतात. पण अशा ऐकण्यात एक उणीव राहते. खरखर काढून टाकण्याच्या नादात आवाजाचा वरचा धारदार भाग पुष्कळदा छाटला जातो, आणि सुंदराबाईंच्या अक्षरांचा लख्खपणा तर त्याच भागात आहे. शिवाय तबकडी ठरल्या गतीने फिरली नाही तर पट्टी चढते किंवा उतरते. बाईंचा आवाज त्यामुळे कधी पोरीचा तर कधी म्हातारीचा ऐकू येतो, आणि ऐकणारा दोष गायिकेस देतो.

म्हणून मूळ तबकडी हाती आल्यास ती टाकू नये. वरणगावात, भुसावळच्या रेल्वेवस्तीत, यावल-रावेरकडच्या जुन्या वाड्यांत अजून अशा पेट्या निघतात. त्या उघडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवितो. तबकड्या आडव्या रचून ठेवू नयेत. ओझ्याने खालच्या वाकतात व तडकतात. पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात, आणि उन्हापासून दूर, कारण खानदेशाच्या वैशाखात लाख मऊ पडते. पुसण्यास स्पिरिट कदापि वापरू नये. स्पिरिटात लाख विरघळते आणि गाणे फडक्याला लागून येते. मऊ कापड साध्या पाण्यात पिळून, रेघांच्या दिशेने फिरवावे, मधल्या कागदाला ओल लागू देऊ नये. पोलादी सुई एका बाजूस एक, याप्रमाणे बदलावी; झिजलेली सुई रेघा खरवडते. दीर्घ तबकडीची बारीक सुई येथे चालत नाही, कारण या रेघा त्याहून रुंद आहेत. आणि लावणीची बाजू संपल्यावर तबकडी उलटून दुसरी बाजूही लावावी.